सतराव्या घराचं रक्त

१२ नोव्हेंबर २००६

पोचले बाई एकदाची! आईने दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असं इतकं कोंबलं होतं पिशव्यांत, की भिवंडीच्या रिक्षावाल्याने हिंदीत विचारलं, मॅडम दुकान टाकताय का. मी म्हटलं हो, रक्ताचं. बिचारा अंजूर गाव येईपर्यंत पुढे एक शब्द बोलला नाही.

भिवंडी शहरात नुसता लूमचा खडखडाट. शहर सुटलं की दोन्ही बाजूंना गोडाऊनं, मध्येच कापणी झालेलं एखादं भाताचं खाचर, आणि मग खाडीचा खारट वास. मला सगळंच आवडलं. मिरजेत सव्वीस वर्षं काढल्यावर काहीही आवडेल म्हणा! खोली मिळालीय ती केसरीनाथ पाटलांच्या घरात, वरच्या मजल्यावर. पाटलांना अख्खं गाव भाऊ म्हणतं. घर बाहेरून गुलाबी, आतून पोपटी. त्यांच्या पत्नी आनंदीकाकू. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरून उठवलं आणि सांगितलं की घर आपलाच हाय, लाजायचा न्हाय. त्यांची एकुलती एक मुलगी दिपाली, चोवीस वर्षांची, नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली. ती माझ्याच प्रकल्पात आहे, आणि तिनेच मला ही खोली मिळवून दिली.

काम असं. ज्या घरांत बायकांना एकीमागून एक छातीचा कॅन्सर होत आलाय, ती घरं शोधायची. त्यांची चार पिढ्यांची वंशावळ काढायची, रक्त घ्यायचं. रक्त मुंबईला आमच्या संस्थेत जातं, तिथे त्यातून डीएनए काढतात, आणि तो इंग्लंडमधल्या लॅबला जातो. जनुकात दोष कुठे आहे ते तिथली मंडळी वाचणार. तीन ठिकाणची माणसं मिळून एकच प्रश्न सोडवतायत. त्यातलं भिवंडीचं टोक आता माझ्या हातात आहे. एम.एस्सी.ला पहिली आलेय मी, गंमत नाही.

१९ नोव्हेंबर

पहिला आठवडा झाला आणि पहिली शोभाही झाली.

वंशावळीत बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. कॅन्सर झाला असेल तर गोल आतून काळा करायचा, माणूस गेलं असेल तर वरून तिरकी रेघ. यात चुकण्यासारखं काय आहे? राहनाळच्या शांताबाईंनी मला सांगितलं की त्या तिघी बहिणी. मी तीन गोल काढले, दोन काळे केले, खुशीत घरी आले. दिपालीने कागदावर नजर टाकली आणि हळूच म्हणाली, विनिताताई, ही मधली सख्खी नाही. मानलेली बहीण आहे. शेजारची पोरकी मुलगी, शांताबाईंच्या आईने तिची ओटी भरून तिला लेक मानली. तिच्या लग्नात मांडवात लेकीच्या जागी बसवली, वारली तेव्हा यांनी दहा दिवस सुतकही पाळलं. पण रक्त वेगळं.

मंगळवारी मुंबईहून आमच्या प्रकल्पप्रमुख डॉ. राजाध्यक्ष मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं की या गावांमध्ये माणसं मनापासून मानतात, पण आपल्या कागदावर मानलेल्या माणसाला जागा नाही. एक परका गोल वंशावळीत शिरला की इंग्लंडपर्यंत सगळं चुकत जाईल. मग दिपालीकडे वळून म्हणाल्या की तू होतीस म्हणून निभावलं.

ती लाजली. लाजताना गालाला खळी पडते तिच्या. मला पहिल्याच आठवड्यात ती खळी डोक्यात जायला लागलीय.

३ डिसेंबर

दिपालीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले.

ती करते काय विशेष? काही नाही. खारबावला एका घरी गेलो. मी संमतीपत्र वाचून दाखवतेय, तिकडे ही सरळ चुलीपाशी जाऊन लसूण सोलायला बसली. अर्ध्या तासात घरच्या बायका तिला कोण कधी गेलं, कुणाला कुठे गाठ होती, सगळं सांगत होत्या. मला म्हणाल्या काय, तर ही साहेबीण सुई जोरान टोचल. आणि रक्त दिलं दिपालीकडे! माझा असा जळफळाट झाला की परतताना रिक्षात मी तिच्याशी बोललेच नाही. तिने मला चिक्की दिली. ती मी खाल्ली, आणि त्याचाही मला राग आला.

घरी तेच. आज जेवायला जिताडा मासा होता. त्याचं डोकं म्हणजे मानाचा घास, तो काकू न विचारता दिपालीच्या ताटात वाढतात. वर काटे काढून देतात. चोवीस वर्षांच्या घोडीला! मी समोर बसून तुकडी खात होते. तुकडीही चांगलीच होती. पण डोकं माझ्या ताटात का नाही? मी इथली कुणी नाही, हे कळतं मला. कळून पोटात दुखायचं थोडंच थांबतं?

१७ डिसेंबर

दोन बातम्या.

पहिली अशी की एप्रिलमध्ये भिवंडीच्या केंद्रातून एका माणसाला सहा महिने इंग्लंडच्या लॅबमध्ये शिकायला पाठवणार आहेत. एकाच माणसाला. मॅडमनी नाव सांगितलं नाही, पण सांगताना त्यांचा हात दिपालीच्या खांद्यावर होता. मला डीएनए वाचता येतो, तिला स्पेलिंगही धड येत नाही. तरी हात तिच्याच खांद्यावर!

दुसरी अशी की सतराव्या क्रमांकाचं घर म्हणून दिपालीने स्वतःचंच घर दिलं. मला काहीच माहीत नव्हतं. भाऊंची आई छातीच्या गाठीने गेली. तीन बहिणींपैकी हौसाआत्या अडतिसाव्या वर्षी, दुसरी एक्केचाळिसाव्या. तिसरी पार्वतीआत्या ऑपरेशन होऊन जिवंत आहे. चार काळे गोल एका कागदावर. दोष असलाच तर तो भाऊंकडून दिपालीत यायची शक्यता निम्मी. ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. मग एवढंच म्हणाली की ताई, मी कुठलीही गोष्ट ठरवताना आधी अडतीसमधून माझं वय वजा करते.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि मग वाटलं की हिच्याकडे दुःखसुद्धा कसं अस्सल आहे बघा, मॅडम आता हिलाच पाठवणार.

२८ डिसेंबर

आज मी एक गोष्ट केली. या वहीत तरी खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहून ठेवते.

सतराव्या घराचं रक्त आज घेतलं. भाऊ, आनंदीकाकू, पार्वतीआत्या आणि दिपाली. तुलनेसाठी निरोगी घरांतल्या माणसांचं रक्तही लागतं, त्यासाठी मी माझं दिलं. माझ्या घरात सात पिढ्यांत कुणाला कॅन्सर नाही. जांभळ्या टोपणाच्या नळ्या स्टँडमध्ये उभ्या होत्या, स्टिकरवर दिपालीच्या गोल गोल अक्षरात नावं. दुपारी दीडला ती खाली डबा आणायला गेली. मी तिच्या नळीवरचं स्टिकर काढून माझ्या नळीला लावलं, आणि माझं तिच्या नळीला.

का, तेही लिहिते. इंग्लंडची लॅब आधी ताडून बघते की मुलीचं रक्त आईबापांशी जुळतं की नाही. दिपालीच्या नावाच्या नळीत माझं रक्त, ते काय जुळणार कप्पाळ! मग ते लिहितील की भिवंडीला गोळा करणाऱ्यांनी घोळ घातला. स्टिकरवर अक्षर कुणाचं? दिपालीचं. स्वतःच्या घराच्या नळ्या जिला सांभाळता येत नाहीत तिला कोण पाठवेल?

काढताना माझ्या नखाने एका स्टिकरचा कोपरा फाटला. बाकी काही नाही. तीन वाजता माणूस बर्फाच्या पेटीतून नळ्या घेऊन मुंबईला गेला. दिपालीने डब्यातली कोळंबी मला अर्धी दिली. मी पोटभर जेवले.

१४ जानेवारी २००७

संक्रांत. आनंदीकाकूंनी अंगणात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, दिपा, तिळाचा डबा आन. मी वळले तर त्या ओशाळल्या. म्हणाल्या, पाठून अगदी आमच्या दिपासारखी दिसलीस. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन डबा आणला.

कामातही दिवस फिरलेत. खारबावच्या त्याच बायकांनी परवा मला आत बोलावलं आणि रक्त माझ्याकडून काढून घेतलं. दिपालीची सुई एकीला लागली. दिपालीची! मॅडमनी तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. मी वरवर चुकचुकले आणि परत येताना चिक्की विकत घेऊन तिला दिली.

ती हसली. खळी पडली नाही तिच्या गालाला. पडत होती ना?

४ फेब्रुवारी

मला न विचारता गोष्टी कळायला लागल्यात.

राहनाळच्या एका घरात काळूराम नावाचे आजोबा त्यांची बहीण म्हणून एका बाईंचं नाव सांगत होते. माझ्या तोंडून पटकन गेलं की आजोबा, ती तुमची सावत्र, तुमच्या वडिलांची पहिली बायको खारबावची होती ना. आजोबा खूश झाले. म्हणाले, भाऊची पोर हुशार हाय. मी दुरुस्त केलं नाही. पण मला हे कुणी सांगितलं होतं? कागदावर कुठेच नाही. दिपाली शेजारी वहीत मान घालून बसली होती, तिने विचारलं की सावत्र म्हणजे वंशावळीत अर्धी रेघ काढायची का. हे तिला सांगावं लागलं!

रात्रीच्या जेवणात जिताड्याचं डोकं माझ्या ताटात आलं. काटे काढून. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दिपालीने तुकडी घेतली आणि म्हणाली की तिला मेतकूट-भात आवडेल.

मी डोकं संपवलं. छान लागलं. लागलं तरी कसंतरी झालं.

१८ फेब्रुवारी

मिरजेला आईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, मी गो. ती म्हणाली, राँग नंबर असेल. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाली की तुझा आवाज असा काय झालाय, आणि हे हाय-न्हाय काय लावलंयस.

मला आठवत नाही मी न्हाय कधी म्हटलं.

आरशात डाव्या गालाला खळी पडते. आधी नव्हती. वजन उतरलं असेल माझं. उन्हातान्हात हिंडून माणूस बदलतं.

६ मार्च

निकाल आले. मी मुद्दाम नवा ड्रेस घालून गेले होते, दिपालीची खरडपट्टी ऐकायला.

मॅडमनी सतराव्या घराचा कागद काढला. भाऊंमध्ये दोष आहे. पार्वतीआत्यात आहे. दिपालीच्या नावाच्या नळीतही आहे, तोच, त्याच जागी. आणि पडताळणीत ती नळी भाऊ आणि आनंदीकाकूंशी शंभर टक्के जुळते. या आईबापांचीच मुलगी, शंकाच नाही. मॅडम म्हणाल्या की इतकं स्वच्छ काम तिकडच्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.

ती नळी माझी होती. माझ्या हाताने मी स्टिकर लावलंय. मुंबईच्या यादीत दिपालीच्या नावापुढे नोंदही आहे, सतरा-चार, स्टिकरचा कोपरा फाटलेला. माझ्या नखाने फाटलेला. त्या नळीत माझं रक्त होतं, मिरजेच्या कोठावळ्यांचं, आणि ते भाऊंच्या मुलीचं निघालं. माझ्या नावाच्या नळीत दिपालीचं रक्त होतं. ते साफ निघालं आणि सतराव्या घरातल्या कुणाशीच जुळत नाही.

दिपाली एका जागी बसून होती. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर माझी नोकरी गेली असती आणि इंग्लंड तिलाच मिळालं असतं. म्हणून गप्प बसले. अजूनही हेच, बघा. डोक्यात इंग्लंडची तीच एक जागा.

९ मार्च

मी ठरवलं की लॅबची चूक असणार. रक्तगट तर खोटं बोलणार नाही! माझा बी पॉझिटिव्ह, कॉलेजच्या ओळखपत्रावर छापलेला आहे. पाटलांच्या घरात सगळे ओ. तपासायला दोन मिनिटं लागतात. काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब घ्यायचे, त्यांत औषध मिसळायचं. बी असेल तर दुसरा थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो.

दुपारी केंद्रात एकटी होते. बोट टोचलं. थेंब फुटला नाही. दुसऱ्या बोटाचं घेतलं. नवीन बाटली उघडली. दुसऱ्या हाताचं घेतलं. तांबडा, गुळगुळीत, जसाच्या तसा. ओ.

दिपालीला म्हटलं, सरावासाठी तुझं बघू. तिने लगेच हात पुढे केला. दुसरा थेंब फुटला. माझ्या डोळ्यांदेखत कण कण झाले.

ती पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, बी ना? जणू तिला ठाऊकच होतं.

१६ मार्च

निकाल पक्का करायला दुसऱ्यांदा रक्त घेतात. मॅडमनी फॉर्म काढला, नाव लिहिलं दिपाली केसरीनाथ पाटील, आणि मला म्हणाल्या, बस, हात पुढे कर.

मी म्हटलं मी विनिता. त्या माझ्याकडे दयेने बघत राहिल्या. म्हणाल्या की धक्का बसतो, मला समजतं. मग आत हाक मारली, विनिता, हिला पाणी दे.

पाणी दिपालीने आणलं.

२० मार्च

मला कुणी फसवत नाहीये. त्यांना खरंच तसं दिसतंय. भाऊंनी मला जवळ बसवून सांगितलं की बाप म्हणून मी तुला हेच दिला, मला माफ कर पोरी. एवढा मोठा माणूस, हमसून रडला. त्यांना काय सांगू?

माझी बॅग वरच्या खोलीत होती. आता तिथे दिपाली झोपते. माझे कपडे खालच्या कपाटात, तिच्या कपड्यांत. कुठले कुणाचे ते आता —

मानलेल्या माणसाला कागदावर जागा नाही म्हणे. मी घुसले की. मीच स्वतःला घुसवलं, त्यांच्या रक्ताच्या रेघेत, शाईने. मला तिचं सगळं हवं होतं. ताट हवं होतं, मान हवा होता. हे नको होतं. हे —

२७ मार्च

आंघोळ करताना हाताला लागली. डाव्या बाजूला, काखेकडे. वाटाण्याएवढी. दुखत नाही.

तिन्ही आत्यांची दुखत नव्हती.

अडतीस वजा सव्वीस — नाही, चोवीस. चोवीस की सव्वीस?

३ एप्रिल

इंग्लंडचं पत्र आलं. लिफाफा फोडून पाहिला — निवड झाली आहे, कु. विनिता कोठावळे. मी किंचाळले आनंदाने! वेड्यासारखी नाचले! मॅडमनी पत्र माझ्या हातातून हळूच काढून घेतलं आणि दिपालीला दिलं.

तिच्या हातातला पासपोर्ट पाहिला. नाव माझं. जन्मगाव मिरज. फोटो तिचा.

मी तिच्या अंगावर धावून गेले. भाऊंनी धरलं मला. गाठीचं आता सगळ्यांना माहीत आहे. मॅडम भाऊंना म्हणत होत्या की आजारपणात माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, मनाला लावून घेऊ नका.

११ एप्रिल

माझी आई आली मिरजेहून. मी जिन्यावरून धावत —

तिने मला बाजूला केलं. हळूच, परक्या पोरीला करतात तसं. दिपालीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दशम्या आणल्यात. मलाही एक दिली. माझी चौकशी केली. म्हणाली, तू बरी होशील हो बाळ.

दशमी मला गोड लागली नाही. मला भाकरी हवी होती. तांदळाची.

१५ एप्रिल, सकाळ

गाडी दारात आलीय. ती आज जाते.

मी वर, माझ्या जुन्या खोलीत येऊन बसलेय; आत्ता ती इथे येऊन गेली. दार लोटून घेतलं. मी पाय धरले. म्हटलं, मी स्टिकर बदललं, २८ डिसेंबरला, मी पापी, मला माझं परत दे, मी मॅडमना सगळं कबूल करते.

ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, मला माहीत आहे. त्या दुपारी ती डब्याचा चमचा विसरली होती. परत आली. दारातून तिने पाहिलं — मी फाटलेलं स्टिकर अंगठ्याने दाबून बसवत होते. ती तिथेच थांबली. एक हाक मारली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. तिने मारली नाही.

म्हणाली, तू माझ्या ताटाकडे बघायचीस ना, तशी मी तुझ्याकडे बघायची. पहिल्या दिवसापासून. तू उद्याचं बोलायचीस, दहा वर्षांनंतरचं बोलायचीस, वजाबाकी न करता. मी किती जळायची तुला सांगू. तू स्टिकर बदललंस तेव्हा मी दारात देवाचं नाव घेतलं. म्हटलं, खरंच बदलू दे.

अगदी मिरजेच्या बोलण्यात म्हणाली. शुद्ध. न्हाय नाही, हाय नाही.

मी म्हटलं, तुझी आई आहे गो खाली, तुझा बाप आहे. तिने दाराकडे पाहिलं. मग डोळे पुसले. म्हणाली, त्यांना सांभाळ, ते फार जीव लावतात.

गेली.

खिडकीतून दिसतेय गाडी. ती पुढे. मागे माझी आई. माझी! पिशव्या नीट लावतेय. दार लागलं —

मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. आई!

गाडीतल्या बाईने मान वर केली नाही.

ओ आली ती खालून. चुलीपाशून. काय गो बाय, आले गो, म्हणून. जिन्यावर पावलं वाजतायत. मी म्हणणार होते की तू नाही, मी तुला हाक मारली नाही, पण तोंडातून पुन्हा तेच — आई — आणि या वेळी मी गाडीकडे बघत नव्हते, मी दाराकडे